पहिला हातोडा कोणी घडवला? चाकू, पाचर आणि आगीची गोष्ट



आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे लाकूडफोडीचं व्याख्यान कुठून काढलंत?" त्याला म्हटलं, ये ऐकायला. हे लाकूडफोडीचंच व्याख्यान आहे, पण ते तुझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमातल्या एका प्रश्नाचंही आहे. विषय असा आहे: माणूस रानात आहे, सगळं ओलं आहे, हातात एकच चाकू आहे आणि आग हवी आहे. चाकू काही जळत नाही. मग चाकूपासून आगीपर्यंत माणूस पोचतो कसा?

सुरुवात स्वतःच्या फजितीने करतो. १९७१ सालचा ऑगस्ट महिना. एम.ए.च्या वर्गातले आम्ही चौघे भीमाशंकरच्या रानात हिंडायला गेलो आणि वाट चुकलो. अंधार पडता पडता एक पडका गोठा सापडला, त्याच्या उरलेल्या छपराखाली बसलो. एका मित्राला आधी हुडहुडी भरली, मग तो बोलेनासा झाला. आम्ही घाबरलो. गंमत बघा, काडेपेटी आमच्याकडे होती. डब्यात ठेवलेली, अगदी कोरडी. जमवलेल्या काटक्या मात्र आठ-दहा दिवसांच्या पावसात भिजलेल्या. वहीची पानं फाडून जाळली, त्यात माझी कांटवरची टिपणंही गेली. पानं जळली आणि काटक्यांनी नुसता धूर दिला. काड्या संपत आल्या.

तेवढ्यात गुरं शोधत एक म्हातारे बाबा आले. डोक्यावर इरलं, कमरेच्या आकडीत लहानशी कोयती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं आणि काही न बोलता बाहेर गेले. येताना एक मनगटाएवढं जाड, उभ्या उभ्या वाळलेलं झाड तोडून आणलं. सोबत एक आखूड, जडशी ओली फांदी. लाकडाचा हातभर तुकडा केला, तो उभा धरला, त्याच्या डोक्यावर कोयतीचं पातं टेकवलं आणि पात्याच्या पाठीवर त्या फांदीने ठोके द्यायला लागले. लाकूड उभं चिरलं. दोनाचे चार झाले. बाहेरून काळपट ओलं दिसणारं ते लाकूड आतून पिवळं, कोरडं निघालं. ओला भाग तासून टाकला, कोरड्या गाभ्याच्या पातळ ढलप्या काढल्या आणि काडी मागितली. एका काडीत आग पेटली. मग म्हणाले, "वरलं लाकूड पावसाचं असतंय, पोरांनो. आतलं अजून उन्हाळ्याचं हाय."

मित्र वाचला. आज तो नातवंडांत रमलेला आहे. पण त्या रात्रीतली एक गोष्ट माझ्या लक्षात यायला पुढे वीस वर्षं लागली. बाबांनी आग पेटवण्यासाठी पहिल्यांदा जे केलं त्याचा आगीशी थेट संबंध नव्हता. त्यांनी एक फांदी तोडली ती जाळायला नाही, ठोकायला. म्हणजे हत्याराने त्यांनी आधी दुसरं हत्यार केलं. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय त्या फांदीत आहे.

आता ही क्रिया जरा सावकाश पाहू, कारण पुढचा इतिहास तिच्यावर उभा आहे. कॅनडा, स्वीडन, फिनलंड या थंड जंगलांच्या मुलखात ही विद्या आजही शिकवली जाते. तिथल्या कमरेच्या चाकूचं पातं साधारण चार इंचांचं. एवढ्याशा पात्याने मांडीएवढं लाकूड कसं फोडणार? थेट फोडायला गेलात तर चाकू अडकेल किंवा मोडेल. म्हणून टप्पे पडतात.

पहिला टप्पा मोगरीचा. हातभर लांबीचं जड लाकूड घ्यायचं आणि एक टोक मुठीत मावेल इतकं तासायचं. कपडे धुवायची मोगरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, तीच वस्तू. दुसरा टप्पा चिरण्याचा. चाकू लाकडाच्या डोक्यावर आडवा ठेवायचा आणि पाठीवर मोगरीने ठोकायचं. पातं आत गेलं की बाहेर राहिलेल्या टोकावर ठोकायचं. इथे एक मर्यादा आहे: लाकूड पात्याच्या लांबीपेक्षा जाड असून चालत नाही, कारण मग ठोकायला टोकच उरत नाही. म्हणून तिसरा टप्पा, पाचरीचा. चिरलेल्या कठीण तुकड्यांतून दोन-तीन पाचरी तासायच्या. दोन्ही बाजूंचा उतार सारखा ठेवायचा, धार फार पातळ करायची नाही, आणि डोक्याच्या कडा उतरवायच्या, म्हणजे ठोक्याने पाचरच फुटत नाही. जाड ओंडक्याला चाकूने फक्त एक फट पाडायची, फटीत पाचर बसवायची आणि चाकू काढून घ्यायचा. पुढची पाचर भेगेच्या पुढच्या टोकाला. आता चाकूचं काम संपलं. लाकडाच्या मोगरीने, लाकडाच्या पाचरीने, लाकूड फुटत जातं.

हे का होतं? लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. तंतू तोडायला फार जोर लागतो, पण एकमेकांपासून सोडवायला त्यामानाने फारच थोडा. पाचर कापत नाही, ती सोडवते. म्हणून गाठींचं लाकूड टाकून सरळ तंतूंचं निवडायचं. आणि खाली पडलेल्यापेक्षा उभं वाळलेलं घ्यायचं, कारण जमिनीतला ओलावा त्याने शोषलेला नसतो.

चौथा टप्पा: कोरड्या गाभ्याच्या काठीवर पातळ, कुरळ्या ढलप्या काढायच्या, पण तोडायच्या नाहीत. काठीलाच त्यांचा झुपका राहू द्यायचा. अशा चार-पाच काठ्या झाल्या की एक काडी पुरते. आमच्या चौघांची फजिती काय होती, ते आता कळेल. आमच्याकडे ज्योत होती, जळण नव्हतं. आणि ज्योतीपेक्षा जळण तयार करणं हे मोठं काम आहे.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. आपल्या न्यायशास्त्रात एक दोष सांगितला आहे, अनवस्था. एका गोष्टीला आधार दुसरी, दुसरीला तिसरी, तिसरीला चौथी, आणि कुठेच थांबायला जागा नाही. ज्ञानाबद्दल हा आक्षेप फार जुना आहे. खरं ज्ञान मिळवायला पद्धत हवी, ती पद्धत बरोबर आहे हे कळायला दुसरी पद्धत हवी, तिच्यासाठी तिसरी. म्हणजे ज्ञान सुरूच होऊ शकत नाही.

सतराव्या शतकात स्पिनोझाने या आक्षेपाला उत्तर दिलं ते हातोड्याचं. बुद्धीच्या सुधारणेवरचा त्याचा एक अपुरा राहिलेला प्रबंध आहे, तो १६७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात तो म्हणतो, अशाच युक्तिवादाने कुणी हेही सिद्ध करेल की माणसाला लोखंड घडवता येत नाही. लोखंड घडवायला हातोडा लागतो, तो हातोडा घडवायला दुसरा हातोडा, त्याला तिसरा. पण लोखंड तर घडतं आहे! कसं? माणसांनी आधी निसर्गाने दिलेल्या साधनांनी सोप्या वस्तू केल्या. त्या कष्टाने झाल्या आणि ओबडधोबड झाल्या. त्यांच्या मदतीने मग त्याहून अवघड वस्तू, थोड्या कमी कष्टात आणि थोड्या अधिक चांगल्या. बुद्धीचंही तसंच आहे, असं त्याचं म्हणणं.

स्पिनोझाच्या आधी देकार्तने जवळपास हाच दाखला दिला होता. बुद्धीच्या मार्गदर्शनासाठी त्याने लिहायला घेतलेल्या नियमांपैकी आठव्या नियमात एक लोहार येतो, ज्याच्याकडे हत्यारंच नाहीत. तो दगडाची ऐरण करतो, दुसऱ्या दगडाचा हातोडा करतो, लाकडाचा चिमटा करतो. आणि देकार्तचा मुद्दा पाहा: हा लोहार लगेच तलवार घडवायला बसत नाही. आधी तो नीट हातोडा, ऐरण आणि चिमटा घडवतो. म्हणजे पहिलं उत्पादन स्वतःच्या उपयोगाचं. बाबांची फांदी आठवली ना?

मी तीस वर्षं हे वर्गात शिकवलं. विद्यार्थी लिहून घेत. पण खरं सांगायचं तर तो हातोडा माझ्यासाठी फळ्यावरचाच होता. स्पिनोझाची गोष्ट वेगळी. तो भिंगं घासायचा, काचेच्या धुळीत काम करायचा. साधन हळूहळू साधनाला सुधारतं हे त्याच्या हातांना माहीत असणार.

इतिहासाने स्पिनोझाला दुजोरा दिला का? दिला, पण उशिरा. कारण लाकूड कुजतं आणि दगड उरतो. आपण ज्याला पाषाणयुग म्हणतो ते नाव जे उरलं त्याच्यावरून पडलेलं आहे. त्या काळच्या माणसाच्या हातात दगडाइतकंच, कदाचित जास्तच, लाकूड असेल. क्वचित कुठे दलदलीत किंवा पाण्याखालच्या चिखलात लाकूड टिकतं, तेव्हा पडदा थोडा बाजूला होतो. झांबियातल्या कलांबो धबधब्याजवळ असं लाकूड मिळालं, त्याचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. खाच पाडून एकमेकांत बसवलेले दोन ओंडके, वय सुमारे ४ लाख ७६ हजार वर्षं. त्याच ठिकाणी त्यानंतरच्या काळातली लाकडी हत्यारं मिळाली, तीन ते चार लाख वर्षांपूर्वीची. त्यांत एक पाचर आहे. आपल्या जातीचा माणूस, होमो सेपियन्स, अजून यायचा होता, पण पाचर आलेली होती.

जर्मनीत शोनिंगेन इथे दोन ते तीन लाख वर्षांपूर्वीचे लाकडी भाले सापडले, बहुतेक स्प्रूसचे. करणाऱ्याने टोक झाडाच्या बुंध्याकडच्या भागात काढलं, कारण तिथलं लाकूड जास्त कठीण असतं. दगडाच्या पात्याने तासून केलेलं हे काम. दगड हा इथे हत्यार करण्याचं हत्यार आहे.

आणि मग आपला तो आल्प्समधला माणूस, ओत्झी. १९ सप्टेंबर १९९१ रोजी, समुद्रसपाटीपासून ३,२१० मीटर उंचीवर, इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ गिर्यारोहकांना तो बर्फात सापडला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, ती सगळीकडे छापून आली. मला त्याच्या लहान वस्तूंचं जास्त कुतूहल आहे. गारेच्या दगडाचं छोटं पातं, अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ. आणि जाड पेन्सिलीसारखी एक वस्तू: लिंडनच्या लाकडात बसवलेला हरणाच्या शिंगाचा तुकडा, टोक बाहेर. काय असेल हे? या टोकाने दाब देऊन दगडी पात्याच्या कपच्या काढायच्या, म्हणजे पुन्हा धार येते. चाकूची काळजी घेणारं हत्यार! त्याचं धनुष्य अर्धवट तासलेलं होतं, बहुतेक बाण अपुरे होते. कमरेच्या पिशवीत आग धरणारी बुरशी होती. बर्च झाडाच्या सालीच्या एका डब्यात मेपलची पानं आणि कोळशाचे कण मिळाले, म्हणजे पानांत गुंडाळलेला निखारा तो बरोबर घेऊन हिंडत होता. आग पेटवणं किती कष्टाचं आहे हे ज्याला माहीत असतं, तो निखारा विझू देत नाही.

पाचर पुढे कुठवर गेली याचं एकच उदाहरण देतो. नॉर्वेतलं ओसेबर्गचं जहाज, साधारण इ.स. ८२० च्या सुमाराचं. त्याच्या ओकच्या फळ्या करवतीने कापलेल्या नाहीत, ओंडके फोडून काढलेल्या आहेत. तंतू अखंड राहतात, म्हणून अशी फळी पातळ असूनही चिवट असते. जळण फोडायची युक्ती आणि समुद्र ओलांडायची युक्ती एकच.

मग ही विद्या पुस्तकात कधी आली? जेव्हा ती हातातून जायला लागली तेव्हा. अमेरिकेत होरेस केफार्ट नावाचे ग्रंथपाल होते. १९०४ साली ते शहर सोडून स्मोकी पर्वताच्या रानात राहायला गेले, आणि १९०६ मध्ये रानातल्या मुक्कामावर त्यांनी पुस्तक लिहिलं. कॅनडात मॉर्स कोचान्स्की यांनी १९८० च्या दशकात उत्तरेच्या जंगलातल्या कौशल्यांवर पुस्तक लिहिलं. चाकू आणि मोगरी यांना त्यांनी रीतसर धड्याचा विषय केलं. २०१९ साली ते गेले. भीमाशंकरच्या बाबांना पुस्तकाची गरज नव्हती. मला होती.

इथे आपल्या परंपरेकडे वळायलाच हवं, कारण लाकडातून आग काढण्याचं इतकं बारकाईचं वर्णन जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात अग्निमंथनाचं सूक्त आहे. पुढच्या ग्रंथांत साहित्याची नावं येतात: खालची अधरारणी, वरची उत्तरारणी, तिच्यातून तासून काढलेला प्रमंथ, तो ज्याच्या टोकाला बसवायचा ते चात्र, वरून दाबून धरायची ओविली, आणि फिरवायची दोरी म्हणजे नेत्र. मापं अंगुळांत दिलेली आहेत. अरणी शमीवर उगवलेल्या अश्वत्थाची. आता मंत्र क्षणभर बाजूला ठेवा आणि यादी पाहा. आपल्या जुन्या सुतारांचा सामता, म्हणजे दोरीने फिरवून भोक पाडायचं हत्यार, त्याचीच ही रचना आहे. १९७५ साली केरळात पांजाळ इथे अग्निचयन झालं, फ्रिट्स स्टाल यांनी त्याचं चित्रीकरण केलं. तिथेही अग्नी अरणींतूनच काढला गेला.

पण ही अरणी तासली कुणी? तो सुतार कुठे आहे? मीमांसेत तो एका ठिकाणी भेटतो. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात रथकाराचं अधिकरण आहे. अग्नी स्थापन करण्यासाठी ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म, वैश्याला शरद ऋतू सांगितला, आणि रथकाराला वर्षा. मग प्रश्न आला: रथकार म्हणजे रथ करणारा कुठलाही त्रैवर्णिक, की त्या नावाची वेगळी जात? मीमांसकांनी ठरवलं की शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा रूढ अर्थ बलवान, म्हणून ती त्रैवर्णिकांबाहेरची जातच. त्याला आधानाचा अधिकार वचनाने मिळाला. वर्गात मी हे अधिकरण शब्दार्थाचा नियम म्हणून शिकवत असे. आज वाचतो तेव्हा दुसरीच गोष्ट दिसते. ज्याच्या हातात वाकस आणि पटाशी, त्याच्या अधिकाराबद्दल वाद घालावा लागतो. ज्याच्या तोंडात मंत्र, त्याच्या अधिकाराबद्दल नाही. आणि लाकूड जाणणाऱ्या त्या माणसाच्या वाट्याला ऋतू आला तो पावसाचा. त्यामागचं कारण धार्मिक असेल. पण पावसात आग पेटवणं त्यालाच जमलं असतं, हेही तितकंच खरं.

हात आणि बुद्धी यांची ही फारकत आपल्याला महागात पडली आहे. हात म्हणजे साधनांचं साधन, असं अॅरिस्टॉटलने म्हटलं आहे. त्याचा अर्थ जॅक लंडनच्या 'टू बिल्ड अ फायर' या कथेत फार भयंकर रीतीने कळतो. १९०८ साली ती आजच्या रूपात आली. युकॉनच्या थंडीत एक माणूस एकटा निघतो. त्याच्याकडे सत्तर काड्या आहेत, चाकू आहे. आग विझते, बोटं बधिर होतात, सत्तर काड्या एकदम पेटून जातात. शेवटी त्याला चाकू म्यानातून काढता येत नाही, धरताही येत नाही. साधनं सगळी जागेवर आहेत, हात गेलेला आहे. माणूस मरतो. स्पिनोझाची साखळी जिथून सुरू होते तिथेच ती तुटते.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आता करून पाहायचं. परसात पेरूच्या फांदीची मोगरी केली, बाभळीच्या पाचरी केल्या. पहिल्या चारही पाचरी फुटल्या, कारण डोक्याच्या कडा उतरवायच्या असतात हे तेव्हा माहीत नव्हतं. मग काडेपेटीशिवाय, धनुकलीने. हातभर लांब किंचित वाकडी काठी, तिला दोरी, दोरीच्या वेढ्यात अंगठ्याएवढी जाड दांडी, खाली मऊ लाकडाची फळी, वर हातात कठीण लाकडाचा ठोकळा. फळीच्या खळग्याला त्रिकोणी खाच पाडायची, तिच्यात काळा भुसा साठतो आणि त्यातच निखारा धरतो. आठ दिवस नुसता धूर. बायको म्हणाली, "अहो, गॅस पेटवून देऊ का?" नवव्या दिवशी माझी चूक कळली: खाच फार अरुंद होती, भुसा साठतच नव्हता. ती मोठी केली आणि भुशातून स्वतःहून धूर यायला लागला. दोरी थांबली तरी धूर येतच राहिला. नारळाच्या शेंडीत तो निखारा ठेवून फुंकर घातली. सत्तरीला टेकलेला मी लहान मुलासारखा ओरडलो.

त्या दिवशी स्पिनोझाचं ते पान मी पुन्हा वाचलं. त्याच्या उत्तरात मला इतकी वर्षं न दिसलेला एक शब्द होता: ओबडधोबड. साखळी परिपूर्ण साधनापासून सुरू होत नाही. माझी पहिली मोगरी वाकडी होती, पण तिने पाचर झाली. पाचर बेढब होती, पण तिने लाकूड फुटलं. अनवस्थेचा आक्षेप खरा वाटतो, कारण आपण गृहीत धरतो की पहिलं साधनही निर्दोष असलं पाहिजे. तसं नसतं. प्रत्येक साधनाने आपल्यापेक्षा जरा बरं साधन केलं तर पुरे होतं.

माझे विद्यार्थी मला नेहमी विचारत, आमच्याकडे ग्रंथालय नाही, जर्मन येत नाही, संस्कृत कच्चं आहे, आम्ही तत्त्वज्ञान कसं करायचं? मी त्यांना पुस्तकांच्या याद्या देत असे. आता विचारलं तर सांगेन, हाताशी जे आहे त्याने आधी मोगरी करा. जे भाषांतर मिळेल ते वाचा, त्यातून चुकीचा का होईना, स्वतःचा एक प्रश्न तासा. त्या प्रश्नाने पुढचं पुस्तक उघडेल.

जाता जाता एक व्यवहारातली सूचना. हे करून पाहणार असाल तर परसात करा, शेजारी पाण्याची बादली ठेवून करा. चाकूची धार नेहमी आपल्यापासून दूर जाईल असं बसा. आणि आपल्या जंगलांत, विशेषतः उन्हाळ्यात, आग अजिबात पेटवू नका.

बाबांचं नाव आम्ही त्या रात्री विचारलं नाही, याची रुखरुख मला आजही आहे. चार पदवीधर पोरं, पण कुणाला सुचलं नाही. सकाळी उठलो तर ते गुरं घेऊन गेले होते. आगीजवळ फोडलेल्या लाकडाची एक मोळी रचून ठेवलेली होती, आणि तिच्यावर ती ठोकायची फांदी.

प्रश्न असतील तर आता घेऊ.